थैलीतलं गवत

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधी माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण हे मी कोणाला वाचायला देणार नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावातले गुरुजी म्हणायचे, हिच्या ओळी उतारावरून घसरतात. अजून घसरतात. पण मला तोंडाने बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की माझं वाक्य अर्ध्यातच राहतं. लिहिताना निदान कोणी मधेच तोडत नाही.

लिहायचं आहे ते माझ्या धाकट्या जावेबद्दल आणि गवताबद्दल.

अमरावतीत लग्नाच्या जागेला सगळे लॉनच म्हणतात. हॉल लहानसा असतो, समोर हिरवळ मोठी, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवणाचा मांडव. अशा एका लॉनवर मी पुष्कळ वर्षांपासून झाडते आणि पाणी देते. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी हिरवळ बघवत नाही. टूथपिक, टाचण्या, हारांचे दोरे, चमकीचे तुकडे, आणि सगळीकडे लाल-पिवळ्या अक्षता. आमच्या बौद्ध समाजातल्या लग्नात फुलं टाकतात, ती उचलायला सोपी. तांदूळ गवताच्या मुळात जाऊन बसतो, मग मुंग्या येतात.

गवत कापायची मशीन आधी एक माळीबुवा चालवायचे. मशीनच्या मागे कापडाची थैली असते, कापलेलं गवत तिच्यात जमा होतं. थैली भरली की माळीबुवा मला हाक मारायचे आणि मी ती माझ्या पोत्यात रिकामी करायची. हे कोणी ठरवलं नव्हतं. त्यांना गवत फेकायला लांब जावं लागायचं आणि मला ते हवं होतं. घरी नेऊन मी ते टिनाच्या पत्र्यावर पातळ पसरायची, कारण ओलं गवत पोत्यात राहिलं की तापतं. मग सुपात घेऊन तांदूळ आणि टाचण्या निवडायची, आणि माझ्या शेळ्यांना घालायची.

पुढे माळीबुवा सेमाडोहकडच्या एका रिसॉर्टवर कामाला गेले. त्याच सुमाराला माझ्या दिराचं दुकानातलं काम सुटलं. मी लॉनच्या मालकीणबाईंना विचारलं, माझ्या जावेला कामावर घेता का. एवढं विचारायला मी दोन दिवस लावले. म्हणजे धाकटीला तिथे मीच आणलं. हे मी पुढे मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल.

धाकटी अकोल्याची. बारावी झालेली, स्कूटी चालवणारी. तिच्या बोलण्यात दर थोड्या वेळाने 'आमच्या अकोल्यात' येतं. आमच्या अकोल्यात अशी गर्मी असते, आमच्या अकोल्यात असे भाव असतात. जसं काही अकोला परदेशात आहे आणि आम्ही कधी एसटीत बसलोच नाही. लोकांत बोलायला ती घाबरत नाही. हसली तर मोठ्याने हसते. पंधरा दिवसांत मालकीणबाई तिला 'बेटा' म्हणायला लागल्या. मला इतक्या वर्षांत त्या 'ओ बाई' म्हणत आल्या आहेत.

आणखी एक गोष्ट होती. दिवाळीनंतर मी बोकडाची दोन पिल्लं घेतली होती, ती धाकटीच्या पैशाने. माझ्याजवळ नव्हते. बाजारात बघितली आणि घरी येऊन नुसती बोलले, की चांगली होती पिल्लं. दुसऱ्या दिवशी तिने भिशीचे पैसे आणून माझ्या हातात ठेवले. नवऱ्याला विचारलं नाही, कधी परत देता म्हणाली नाही. आणि त्यानंतर तिने एकदाही मागितले नाहीत. मागितले असते तर मला बरं वाटलं असतं. मी थोरली. घरात माझ्या शब्दाला थोडी तरी किंमत होती. पैसे घेतल्यापासून मी तिला 'चहा ठेव वं' म्हणायचं सोडलं. तिच्याआधी उठून मीच ठेवायची.

बकरी ईदपर्यंत दोन्ही बोकड भरले पाहिजेत, विकले पाहिजेत, आणि तिचे पैसे एकदम तिच्या हातात पडले पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी उन्हाळ्यात गवत पाहिजे. आणि उन्हाळ्यात आमच्या बाजूला हिरवं म्हणाल तर फक्त लॉनवर.

मशीन धाकटीकडे गेली. मी म्हटलं, चला, थैली घरातच राहिली. थोडे दिवस ती राहिलीही.

फेब्रुवारी सरत आला होता. मी पाइपने पाणी देत होते. मालकीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि धाकटी त्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवत होती.

"मॅडम, पाहा ना. कापलेलं गवत उचलूच नये म्हणतात. थैली काढून टाकायची, मागचं झाकण लावायचं. चुरा तिथंच पडते, वाळते अन् त्याचंच खत होते. जमिनीत ओल राहते. पाणी कमी लागते."

पाणी कमी लागतं म्हटल्यावर मालकीणबाई पुढे सरकल्या. आमच्याकडे एप्रिलपासून टँकर बोलवावा लागतो.

"पण ते गवत ही नेते ना शेळ्यांना," मालकीणबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, हो मॅडम, ताईला लागतं. ती म्हणाली, "ताईच्या शेळ्या काय, कुठंबी चरतात."

मालकीणबाई हसल्या. मी पाइप धरून उभी होते. पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि तिथे डबकं झालं. मालकीणबाई म्हणाल्या, "ओ बाई, लक्ष कुठे आहे?"

घरी आल्यावर मी तिला गाठलं. घरात मला बोलता येतं.

"तुले मालूम होतं ना माह्या बोकडायचं? मंग काहून बोलली तशी?"

"अवं ताई, जोरात नका बोलू, पोरं झोपून राहिले." ती भाकरी थापत होती. तिच्या भाकरीसुद्धा गोल होतात. "बाई प्लास्टिकचं गवत टाकायचं म्हणून राहिली, मालूम हाये का तुमाले? माणूस येऊन माप घेऊन गेला. प्लास्टिक टाकलं तं ना पाणी लागन, ना मशीन. मंग तुमी काय झाडसान अन् मी काय कापीन?"

मला माहीत नव्हतं. मालकीणबाई मला कशाला सांगतील? तिला सांगितलं होतं. मला बोकडांचं दुःख होतं, पण त्या क्षणी याचंच जास्त झालं.

"मले आधी सांगता नाई आलं?"

"सांगत होती ना. तुमी तं बोलूनच नाई राहिल्या दोन दिवसापासून."

तेही खरं होतं. तिने नवी चप्पल घेतली होती, म्हणून मी बोलत नव्हते.

थैली भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली. मी झाडता झाडता तिच्याकडे बघायची. धाकटी टोपी घालून मशीन फिरवायची आणि मागे हिरवा चुरा बसत जायचा. बारीक, कोवळा, बोकडांनी उभ्या उभ्या संपवला असता असा. मी काम संपल्यावर कालव्याच्या बाजूने विळा घेऊन फिरायची. तिथे वाळलेल्या काड्या मिळायच्या. कधी भाजीवाल्यांकडून कोबीची पानं आणायची, कधी मोझरीच्या रस्त्यावर राहणारी माझी बहीण तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, द्यायची. बोकड वाढत होते, पण भरत नव्हते. पाठीवरून हात फिरवला की हाडं लागायची.

आणि हिरवळ मात्र सुधारली. मी रोज मनात म्हणायची, पिवळी पडू दे, मुंग्या लागू दे, आणि ती आणखी हिरवी व्हायची. मार्चचं ऊन वर आलं तरी मऊ. लग्नाला आलेली माणसं चपला काढून चालून बघायची. मालकीणबाईंनी प्लास्टिकवाल्याचा फोन घेणं बंद केलं. धाकटीला त्या आपल्या कपात चहा द्यायला लागल्या. फुलांच्या कपात. मला स्टीलचा ग्लास होता, तोच राहिला. आमच्या घरचे एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "छोटीचं डोकं चालते बापा." मी त्यांच्या ताटात पुन्हा भाजी वाढली नाही.

एप्रिलमध्ये आमच्याच समाजातलं एक मोठं लग्न होतं. त्याआधी लागोपाठ कार्यक्रम होते, मशीन फिरवायला मोकळा दिवसच मिळाला नाही. गवत बोटभर वाढलं. लग्नाच्या सकाळी धाकटीने घाईघाईने कापलं, थैलीशिवाय. एरवी थोडं थोडं कापलं की चुरा मुळात जाऊन बसायचा, दिसायचाही नाही. त्या दिवशी त्याचे पुंजके पडले. आणि ऊन फार म्हणून मी वरून नेहमीसारखं पाणी मारलं, गारवा राहावा म्हणून. दोघींनी मिळून चटणी वाटावी तसं केलं, पण तेव्हा ध्यानात आलं नाही. मला आधी कळलं असतं आणि मी मुद्दाम गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. खरं हे आहे की मलाही सुचलं नाही.

दुसऱ्यांच्या लग्नात माणसं खुर्चीवर बसतात. गवत फार तर चपलेला लागतं. आमच्या लग्नात बुद्धवंदनेला सगळे खाली बसतात, आणि सगळ्यांचे कपडे पांढरे. आम्ही दोघी लहानपणापासून असंच बसत आलो आहोत. तरी त्या सकाळी आम्हाला फक्त लॉन दिसत होतं, लग्न दिसतच नव्हतं.

सतरंज्या टाकल्या होत्या, पण माणसं जास्त आली. मागच्या बाया सरळ हिरवळीवर बसल्या. नवरीची आई आधी पुढे होती, पाहुण्यांना जागा करून देत देत ती मागे आली आणि गवतावरच बसली. वंदना संपली, फुलं उधळली, सगळे उभे राहिले. मी जेवणाच्या मांडवाजवळ उभी होते. पाठमोऱ्या बायांच्या रांगा मला दिसल्या. पांढऱ्या साड्यांवर मागून हिरवे डाग. छोटे नव्हे, ताटाएवढे.

आधी एक पोरगी हसली. मग एकीने दुसरीला सांगितलं, मग सगळ्याच मान वळवून आपापली साडी बघायला लागल्या.

"अवं माय, हे काय झालं वं?"

"तुह्यालेबी लागलं. थांब, झाडू नको, पसरते."

"फोटो कसे काढाव आता?"

"समोरून काढा, अजून कसे!"

नवरीच्या आईचं तोंड उतरलं होतं. तिने पदर मागे ओढून घेतला आणि तशीच फिरत राहिली. मला वाईट वाटलं. पण त्याच्याही आधी, क्षणभर, छातीत गार वाटलं. म्हटलं, आता बघू फुलांचा कप.

मालकीणबाईंनी आम्हाला स्टोअरच्या खोलीत बोलावलं. धाकटी लिंबू आणि मीठ घेऊन नवरीच्या आईकडे निघाली होती, तिला तशीच उभी केली.

"मोबाइलवर बघून बघून माझं नाव घालवलं तू. आणि तुमच्याच लोकांचं लग्न ना हे? तुम्हाला कळू नये?"

धाकटी हातातलं लिंबू फिरवत राहिली. 'तुमच्याच लोकांचं' हे शब्द मला लागले. ते एकटीला म्हटलेले नव्हते. त्यात मी होते, बाहेर पदर ओढून फिरणारी नवरीची आई होती. मी धाकटीचा राग राग करत होते, पण तो माझा राग होता. त्यात मालकीणबाईंनी भागीदार व्हावं असं मला वाटलं नाही.

"पाणी मी मारलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"गवतावर पाणी मी मारलं होतं. कोरडं असतं तं एवढं लागलं नसतं."

मालकीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बहुतेक माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला असेल. मग म्हणाल्या, "उद्यापासून थैली लावायची. आणि मशीन तू धर, ओ बाई."

धाकटी बाहेर जाऊन त्या बाईची साडी लिंबाने चोळत बसली. मीही बसले. डाग फिका झाला, गेला नाही. घरी जाताना स्कूटीवर मी तिच्यामागे होते. ती म्हणाली, "तुमी काहून बोलल्या?" मी म्हटलं, "गाडी नीट चालव."

दुसऱ्या दिवशी मी मशीन धरली, झाडू धाकटीकडे गेला. टोपी धाकटीची होती, ती मला सैल व्हायची. थैली लावली. पहिली थैली भरली तेव्हा आत हात घालून बघितलं, गवत अजून गरम होतं. घरी पोतं रिकामं केलं तर बोकड माझ्या अंगावर आले. पंधरा दिवसांत पाठी भरायला लागल्या.

मला वाटलं होतं की आता माझं मन थांबेल. थांबलं नाही. मेच्या उन्हात हिरवळ करपायला लागली. कडा आधी पिवळ्या पडल्या, मग मधे मधे चट्टे. टँकरचं पाणी दिवसातून दोनदा दिलं तरी जमीन लगेच कोरडी. एका संध्याकाळी मालकीणबाई उभ्या राहून बघत होत्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तिच्या हाताखाली कसं गालिच्यासारखं होतं." मला ऐकू जाईल असं बोलल्या की नाही, माहीत नाही. मला ऐकू गेलं. मशीन माझ्या हातात, थैली माझी, बोकड माझे, आणि हिरवळ तरी तिचीच.

प्लास्टिकवाला पुन्हा येऊन गेल्याचं या वेळी मी स्वतः बघितलं. त्या दिवशी घरी मी चहा ठेवला आणि तिला म्हटलं, "छोटे, गवताचं सांग."

"काय सांगू?"

"तुह्या मोबाइलमधलं. नीट सांग. मले सगळं मालूम नाई."

असं म्हणायला मला किती जड गेलं ते इथे लिहून कळणार नाही. तिने हसायला पाहिजे होतं, टोमणा मारायला पाहिजे होता. तिने फक्त कप खाली ठेवला आणि विचारलं, "बोकडाले रोज किती लागते?" मी हात पसरून दाखवलं.

"मंग रोजची एक थैली तुमची. बाकीचं पडू द्या. लग्नाच्या आधीच्या दोन कापण्या पुऱ्या उचला, अन् त्या दिवशी पाणी सकाळी नाई, रात्रीच मारून ठेवा. पावसाळ्यात लग्नं नसतात. तवा सगळंच पडू द्या. तुमच्या शेळ्याले तवा बाहेर चिक्कार राहते."

"अन् अक्षदा?"

"थे तुमीच झाडा. माही कंबर दुखते," ती म्हणाली आणि तेव्हा हसली.

मालकीणबाईंना तिनेच जाऊन सांगितलं. मी मागे उभी होते. या वेळी ती म्हणाली, "मी अन् ताईनं ठरवलं." 'मी' आधी आलं, ते माझ्या ध्यानात राहिलं. तरी 'ताईनं' आलं. चट्टे हळूहळू भरले. प्लास्टिक अजून आलेलं नाही.

ईद जवळ आली तेव्हा बोकड विकायचे झाले. अमरावतीच्या बाजारात एकाने पाहिले, दात पाहिले, पाठ दाबली आणि एवढा कमी भाव सांगितला की मला दोर ओढून परत यावंसं वाटलं. घासाघीस मला येत नाही. धाकटी लगेच म्हणाली, "आमच्या अकोल्यात याच्यापेक्षा जास्त भेटन. माहा भाऊ हाये बाजारात."

मला नको होतं. तिचेच पैसे, तिचंच अकोला, तिचाच भाऊ. पण बोकडांना थांबवून ठेवता येत नाही, ईद झाली की कोणी विचारत नाही. एका ओळखीच्या माणसाच्या टेम्पोत बोकड चढवले, आम्ही दोघी मागून एसटीने गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीशी झोपली होती. झोपेत तिचं तोंड उघडं राहतं. ते बघून मला थोडं बरं वाटलं.

बाजारात तिच्या भावाने दोन गिऱ्हाइकांना समोरासमोर उभं केलं. एक म्हणाला, "क्या खिलाया बहन इसको, पेट तो देखो." धाकटीने माझ्याकडे बोट केलं, "इनसे पूछो." मला बोलावं लागलं. मी म्हटलं, "शादी की घास." सगळे हसले, आणि त्या हसण्यात भाव थोडा वर गेला. अमरावतीपेक्षा बराच जास्त मिळाला. तिच्या भावाला चहाचे पैसे देऊ लागले, त्याने घेतले नाहीत. ही माणसं पैसे घेतच नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे.

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसलो. मी ब्लाउजमधून पाकीट काढलं, तिचे होते तेवढे वेगळे केले आणि तिच्या मांडीवर ठेवले. ती ते तसेच पर्समध्ये टाकायला लागली.

"मोज," मी म्हटलं.

"ताई, आपल्यात काय मोजायचं?"

"मोज वं. माह्यासमोर मोज."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. नंतर थट्टा केली नाही. अंगठा जिभेला लावून एकेक नोट उलटत गेली. मधे कोणीतरी गाडी विचारायला आलं, त्याला तिने हाताने थांब म्हटलं. शेवटची नोट झाल्यावर तिने गठ्ठा सारखा केला.

"पुरे हायेत," ती म्हणाली.

"मंग जाय, चहा आण," मी म्हटलं, आणि ती उठली.